‘नमस्कार’च्या पुढचं गेलं कुठे?

आमच्या कुलवृत्तांताची छापील आवृत्ती माझ्या आजोबांच्या पिढीपाशी थांबते. त्यानंतर जन्मलेले, लग्न होऊन आलेले, परदेशी गेलेले, आता हयात नसलेले, अशा सगळ्यांची नोंद व्हावी म्हणून कुलमंडळाने नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. मंडळाचा कारभार बडोद्यात, दांडिया बाजारातल्या चुलतकाकांच्या घरून चालतो. माणसं मात्र इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, नागपूर, सुरत अशी विखुरलेली. टपालाने कागद मागवत बसण्यापेक्षा मंडळाच्या संकेतस्थळावरच एक फॉर्म ठेवला. नाव, पिढी, जन्मसाल, व्यवसाय, आणि खाली एक मोठी चौकट: ‘आपल्या शाखेविषयी माहिती’. लिहायचं आणि ‘पाठवा’ दाबायचं. आलेला मजकूर संकलित करायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. कुणाचा मजकूर गेलाच नाही, कुणाचा गेला पण अर्धा, कुणाला लाल अक्षरांत काहीतरी दिसलं आणि ते काय होतं हे आठवेना. प्रत्येक वयस्कर माणसाचं फोनवरचं शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं: “जाऊ दे रे, मला हे जमत नाही.” हे ऐकून मला फार वाईट वाटायचं. आयुष्यभर सुवाच्य अक्षरात पत्रं लिहिलेली ही माणसं. दोष त्यांचा नसणार, याची मला खात्री होती. पण खात्री असून भागत नाही, दोष नेमका कुठे आहे ते दाखवता आलं पाहिजे.

म्हणून एक वही केली. कुणाचाही फोन आला की तेच प्रश्न विचारायचे. फोनवरून पाठवलं की कॉम्प्युटरवरून? मराठी कशाने लिहिता, बोलून, बोटाने, की रोमन अक्षरं दाबून? बटण दाबल्यावर पडद्यावर काय उमटलं, शब्द न् शब्द वाचून दाखवा. साधारण किती वाजता? शक्य असेल तर स्क्रीनशॉट. ‘जात नाही’ एवढ्यावरून काहीच शोधता येत नाही. ‘दुपारी चारला, फोनवरून, दाबल्यावर पान पांढरं झालं’ यावरून बरंच शोधता येतं. वही आठ-दहा पानं भरल्यावर दिसलं की ही एक अडचण नव्हतीच. निरनिराळी दुखणी एकाच तक्रारीच्या नावाखाली येत होती.

त्यातलं सर्वांत गूढ दुखणं हे. डेटाबेसच्या तक्त्यात बऱ्याच नोंदींपुढे फक्त एकच शब्द होता: ‘नमस्कार’. पुढे काही नाही. काही नोंदी तर अगदी कोऱ्या. नाव आहे, पिढी आहे, माहितीची चौकट रिकामी. इंदूरच्या आत्यांची नोंद अशीच ‘नमस्कार’पाशी थांबलेली. त्या म्हणत होत्या, “अरे, मी सबंध दुपार बसून लिहिलंय.” आधी वाटलं मजकूर फार लांब झाला असेल. पण त्याहून कितीतरी लांब मजकूर, पुण्याच्या एका भावाचा, पूर्णविरामासकट नीट आलेला होता. मग वेळा ताडून पाहिल्या, त्यातूनही काही निघेना. एक गोष्ट तेवढी लक्षात आली: कॉम्प्युटरवरून पाठवलेले सगळे मजकूर शाबूत होते. तुटलेले सगळे फोनवरचे.

उलगडा झाला तो मंडळाच्या मेलपेटीत. फॉर्म भरला की त्याची एक प्रत मेलनेही जाते, अशी सोय फॉर्म बनवणाऱ्याने करून ठेवली होती. ती पेटी कुणी उघडत नव्हतं, कारण सगळे तक्ताच बघत होते. तिथे आत्यांचा मजकूर पूर्ण होता. ‘नमस्कार’, त्याला लागून जोडलेल्या हातांचं ते छोटं पिवळं चित्र, आणि मग त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांनी गायकवाडांची चाकरी सोडून होळकरांच्या मुलखात कसं बिऱ्हाड नेलं त्याची हकीकत. म्हणजे मजकूर सर्व्हरपर्यंत धडधाकट पोचत होता. तुटत होता तो सर्व्हर आणि तक्ता यांच्या मधल्या वाटेवर. कोऱ्या नोंदींच्या मेल पाहिल्या, तर त्या सगळ्यांची सुरुवातच जोडलेल्या हातांनी झालेली!

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठी मजकूर साठवणाऱ्या कुठल्याही संस्थेला ते भेटू शकतं. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या एकत्रित यादीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि यूटीएफ-८ या पद्धतीत तो क्रमांक एक ते चार बाइटांत, म्हणजे साठवणीच्या एक ते चार घरांत, लिहिला जातो. रोमन अक्षराला एक बाइट, आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ६५,५३५ च्या पुढचा क्रमांक असेल तर चार. चेहऱ्यांची, हातांची, फुलांची ही चित्रं बहुतेक त्या पुढच्या भागात आहेत. जोडलेले हात २०१० साली युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आले. आमचा डेटाबेस मायएसक्यूएलचा, जुन्या आवृत्तीवरचा. त्यात ‘यूटीएफ८’ नावाचा जो पर्याय आहे तो नावाप्रमाणे पूर्ण नाही, तीन बाइटांपर्यंतच जातो. मराठी त्यात बरोबर बसते, म्हणून बरीच वर्षं कुणाला काही जाणवत नाही. चार बाइटांचं चिन्ह आलं की दोनांपैकी एक होतं: डेटाबेस कडक शिस्तीवर लावलेला असेल तर तो मजकूर नाकारतो आणि चूक दाखवतो, सैल शिस्तीवर असेल तर त्या चिन्हापासून पुढचं सगळं कापून टाकतो आणि वर ‘जतन झालं’ म्हणतो. आमचा सैल होता. पाठवणाऱ्याला ‘धन्यवाद, आपली माहिती मिळाली’ असं दिसत होतं.

त्यामुळे ज्यांनी मजकुराच्या शेवटी हात जोडले त्यांचे फक्त हात गेले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्यांनी आरंभी जोडले त्यांचं सगळं गेलं. आमच्या घराण्यात पत्राची सुरुवात ‘सा. न. वि. वि.’ने करायची रीत. फोनवर त्याची जागा या हातांनी घेतली आहे. वडीलधाऱ्यांनी पाळलेली ती रीतच त्यांच्या मजकुराच्या मुळावर आली होती.

आमचं संकेतस्थळ ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग सेवेच्या मदतकक्षाला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: सदस्यांना चित्रं वापरू नका असं सांगा. मंडळाच्या बैठकीतही हाच सूर निघाला. फॉर्मच्या वर ठळक सूचना टाकू, काम झालं. मी ठाम विरोध केला. सूचना कुणी वाचत नाही, हे पहिलं. फोनचा कीबोर्ड ‘नमस्कार’ लिहिताच ते चित्र आपण होऊन पुढे करतो, हे दुसरं. आणि महत्त्वाचं म्हणजे भांडं लहान आहे म्हणून देणाऱ्याने हात आखडावा, हे मला पटत नाही. भांडं बदलायला हवं.

बदलण्याचं काम तसं अवघड नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप, तोही आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेला. मग तक्ते ‘यूटीएफ८एमबी४’ या पर्यायावर न्यायचे. मायएसक्यूएलमध्ये हा २०१० पासून, ५.५.३ आवृत्तीपासून आहे आणि ८.० मध्ये तोच मूळचा धरलेला आहे. जुन्या आवृत्तीत इथे एक अडथळा येतो. ज्या रकान्यावर अनुक्रमणिका (झटपट शोधासाठी डेटाबेस ठेवतो ती सूची) आहे त्याला ७६७ बाइटांची मर्यादा असते. २५५ अक्षरांचा रकाना तीन बाइटांच्या हिशेबाने ७६५ होतो, बसतो. चारच्या हिशेबाने १०२० होतो, बसत नाही. मग तो रकाना १९१ अक्षरांचा करावा लागतो. आधी त्यात १९१ पेक्षा लांब काही नाही ना, हे तपासून. सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट शेवटी: सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यातलं बोलणंही त्याच पर्यायात व्हायला हवं, ते वेगळं सांगावं लागतं. आमच्याकडे तक्ते बदलल्यावर हातांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू लागली, ती यामुळेच. ते सांगणारी सेटिंगमधली ओळ बदलली आणि हात दिसू लागले. शिस्तही कडक करून घेतली, म्हणजे यापुढे काही अडलंच तर उघड अडेल, मुकाट्याने कापलं जाणार नाही.

या बदलाचा आणखी एक फायदा झाला, आणि माझ्या लेखी तो चित्रांपेक्षा मोठा आहे. गायकवाडी दफ्तर मोडी लिपीत. आमच्या घरचे जुने कागदही मोडीत. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत जागा मिळाली, आणि ती जागाही ६५,५३५ च्या पुढेच आहे. म्हणजे मोडीचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं. आमचे एक मोडी जाणणारे काका खापरपणजोबांच्या कागदातल्या ओळी मोडीतच टंकून पाठवू इच्छित होते. जुन्या तक्त्यात त्यांचं पहिलं अक्षरही टिकलं नसतं. आता त्यांच्या ओळी जशाच्या तशा साठतात आणि शेजारी बाळबोध लिप्यंतर असतं.

दुसरं दुखणं बडोद्याचं खास. आमच्याकडची तरुण मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली. घरात मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की हात गुजराती वळणावर जातो. वाडी भागातल्या एका पुतणीने आपल्या आजीविषयी सुंदर मजकूर लिहिला. भाषा मराठी, अक्षरं गुजराती. फॉर्मने लाल अक्षरांत सांगितलं: ‘कृपया फक्त मराठीत लिहा.’ तिचा फोन आला, “काका, हे मराठीच आहे ना? अजून कसं लिहू?” मला त्या लाल ओळीचा राग आला. ती ओळ काढण्याआधी तिच्यामागचा नियम पाहिला. नाव, पिढी, जन्मसाल, व्यवसाय या वरच्या छोट्या रकान्यांत, देवनागरीचा जो १२८ जागांचा पट्टा युनिकोडमध्ये आहे त्याच्या बाहेरचं, मोकळी जागा सोडून, कुठलंही चिन्ह आलं की सबंध फॉर्म नाकारायचा, असा तो होता. त्यामुळे ‘कै.’मधलं टिंब नामंजूर, इंग्रजी आकड्यांतलं जन्मसाल नामंजूर. इतकंच नाही, काही कीबोर्डवर ‘दुसऱ्या’, ‘गोऱ्हे’ यांतला अर्धा र लिहिताना र आणि हलन्त यांच्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलं जातं. ते चिन्ह त्या पट्ट्यात नाही. म्हणून अस्सल मराठी आडनावालाही ‘मराठीत लिहा’ असं उत्तर मिळत होतं.

नियम काढून टाकला. कुणी सुचवलं की न दिसणारी चिन्हं तेवढी गाळून घ्यावीत, सुरक्षेसाठी. ते केलं असतं तर ‘गोऱ्हे’चा अर्धा र मोडून रफार झाला असता आणि आमच्या अनेक सोयरिकींची आडनावं बिघडली असती. त्यापेक्षा शोध घेताना दोन्ही प्रकारे लिहिलेले अर्धे र एकच धरायचे, असं केलं. आधी एका पद्धतीने ‘तिसऱ्या पिढीत’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या नोंदी सापडतच नसत, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसत असूनही.

गुजराती अक्षरांतला मराठी मजकूर देवनागरीत आणणं मात्र वाटलं त्याहून सोपं निघालं. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतली, आणि त्यात सगळ्या लिप्यांत एकाच उच्चाराचं अक्षर एकाच जागी होतं. त्यामुळे गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले की त्याचं देवनागरी अक्षर मिळतं. ळसुद्धा बरोबर ळ होतो. दोन ठिकाणी मात्र माणूस लागतो. ‘ॲडव्होकेट’मधला ॲ या वजाबाकीने ‘ऍ’ होऊन येतो, कारण मराठी वळणाचा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आला आणि वेगळ्या जागी बसला. आणि गुजरातीत आपला अर्धा र लिहायची सोयच नाही, त्यामुळे ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ दोन्ही एकसारखे येतात. स्वयंपाकाला कोण होतं आणि पूजेला कोण, हे मजकूर वाचूनच ठरवावं लागतं. ते मी आणि दांडिया बाजारच्या काकू मिळून करतो. मूळ गुजराती अक्षरांतला मजकूर वेगळ्या रकान्यात तसाच ठेवलेला आहे.

ग्वाल्हेरच्या मामंजींची तक्रार सर्वांत चक्रावणारी. नाव भरलेलं असतानाही फॉर्म म्हणे, ‘नाव भरणे आवश्यक आहे’. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला, त्यात पाठवण्याआधी नाव स्पष्ट दिसत होतं. त्यांना म्हटलं, एकदा फोटो न जोडता पाठवा. लगेच गेलं. ते जुन्या वाड्याचे दोन फोटो जोडत होते, प्रत्येकी पाच एमबीच्या आसपास. फॉर्म पीएचपी या संकेतस्थळांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो. तिथे मूळच्या सेटिंगप्रमाणे एका फाइलला २ एमबी आणि सबंध फॉर्मला ८ एमबी अशी मर्यादा असते. एकच मोठी फाइल असेल तर ती गळते आणि मजकूर पोचतो. पण एकूण वजन ८ एमबीच्या वर गेलं की पीएचपी सगळाच फॉर्म रिकामा करून पुढे देतो, नाव, पिढी, मजकूर, सगळं. पुढची तपासणी बिचारी रिकामं नाव बघून नाव मागते. मर्यादा वाढवून घेतल्या, आणि वजन जास्त झालं तर पाठवण्याआधीच ‘फोटो मोठा आहे, मेलने पाठवा’ असं सांगणारी ओळ घातली. चुकीचं कारण दाखवणारी सूचना ही काहीच न सांगण्यापेक्षा जास्त त्रास देते. मामंजींनी आपलं नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं होतं.

मजकूर अदृश्य होण्याच्या उरलेल्या तक्रारी बहुतेक वेळेच्या होत्या. सदस्याने प्रवेश (लॉगिन) केल्यावर त्याची ओळख सर्व्हर ठरावीक काळच लक्षात ठेवतो; पीएचपीचा मूळचा काळ १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. एका बोटाने टंकणाऱ्या माणसाला आपल्या शाखेचा इतिहास लिहायला २४ मिनिटं कशी पुरणार? ‘पाठवा’ दाबलं की पुन्हा प्रवेशाचं पान, आणि लिहिलेलं गेलं. काळ वाढवला, शिवाय लिहिता लिहिता मजकूर त्यांच्याच फोनमध्ये साठत राहील असं केलं. तोवर सगळ्यांना सांगत होतो की आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, मग इथे चिकटवा. ही सवय आजही चांगलीच. बटण दाबल्यावर काही हललं नाही म्हणून पुन्हापुन्हा दाबल्याने एकच मजकूर अनेकदा यायचा. पहिल्या दाबानंतर बटण निष्क्रिय केल्यावर तेही थांबलं.

फॉर्मला हात लावला की आता मी एक कसोटीचं वाक्य पाठवून बघतो. त्यात आरंभी जोडलेले हात, मग ‘दुसऱ्या पिढीतले कै. ॲड.’, एक ळ, एक ज्ञ, एक शब्द गुजराती अक्षरांत, एक मोडीत, आणि अगदी शेवटी ‘समाप्त’. पाठवून झाल्यावर तक्ता, मेल आणि पान, तिन्ही ठिकाणी ‘समाप्त’ दिसला तरच काम झालं असं धरायचं. कुणालाही मराठी फॉर्म चालवायचा असेल तर असं एक वाक्य स्वतःच्या गरजेप्रमाणे बनवून ठेवावं, असं मी आवर्जून सांगेन.

मेलपेटीत पूर्ण प्रती असल्यामुळे कापलेले मजकूर जवळजवळ सगळे परत मिळाले. ते एकेक करून तक्त्यात भरले आणि ज्यांचे होते त्यांना फोन करून वाचून दाखवले. प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं की तुम्ही बरोबरच पाठवलं होतं, कापलं ते आमच्याकडे. काहींनी त्यानंतर नवा मजकूर पाठवला. इंदूरच्या आत्या आता टंकत नाहीत. त्या फोनवर बोलतात आणि मी लिहून घेतो, फक्त ‘पाठवा’ मी त्यांच्या नावाने दाबतो.

आता छपाईचं बघतो आहोत. रावपुऱ्यातल्या छापखान्यात अजून युनिकोडपूर्वीच्या फॉन्टवर काम चालतं. त्यात आमचा मजकूर नेला तर मोडीच्या ओळी आणि काही ॲ हरवतात, हे दोन पानांच्या नमुन्यात दिसलं. म्हणून पानं आम्हीच युनिकोडमध्ये जुळवून, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ देणार आहोत. त्याच नमुन्याची तशी पीडीएफ त्यांनी छापून पाहिली आहे, आणि त्यात मोडी नीट आली आहे.